न पेटणारी गादी

ढब्बूला हे नाव शाळेतल्या टवाळ पोरांनी ठेवलेलं नव्हतं. घरच्यांनीच ठेवलं होतं, ती तीन वर्षांची असताना, अगदी लाडाने. पुढे लाड आटले, नाव तेवढं उरलं. बरं, खात तरी काय होती बिचारी? आई तिच्या ताटात भाजी अशी वाढायची, जणू सोनाराकडून तोलून आणलीय! तरी वजन आपलं चढतंच.

"आई, मी खरंच काही खाल्लं नाही गं."

"मग काय भिंती चाटतेस? चोरून खाल्लेलं अंग बोलतं बाई, तोंड बोलो न बोलो."

बाबा असं काही बोलायचे नाहीत. ते नुसते तिच्याकडे बघून सुस्कारा सोडायचे, आणि तो एक सुस्कारा आईच्या दहा टोमण्यांना भारी पडायचा. एकदा, फक्त एकदा कुणीतरी म्हणावं, "पोरी, तू खरं बोलतेस." बस्स, एवढंच ढब्बूला हवं होतं.

बाबांचं सोफे दुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच. जुन्या सोफ्यांचं कापड टराटरा फाडायचं, आतला फोम उपसायचा, नवा भरायचा. दुपारपर्यंत जुन्या फोमची पिवळी भुकटी बाबांच्या भुवयांवर बसलेली असायची, आणि जेवायला वर आले की ताटाभोवतीही. निघालेला फोम ते काडी लावून पारखायचे. तुकडा भसकन पेटला, तर कचरा. नुसता काळा पडून विझला, तर "अस्सल माल!" आणि हा अस्सल माल विकायचा नाही, तो ढब्बूच्या गादीसाठी. बाबांचा धाकटा भाऊ लहानपणी पेटत्या अंथरुणात गेला होता. "घर पेटलं तरी माझ्या पोरीची गादी पेटणार नाही," असं म्हणून त्यांनी ती स्वतः शिवली होती. गादी बसली की उसवून पुन्हा न पेटणारे तुकडे भरायचे. ढब्बू त्या गादीत नाक खुपसून झोपायची. दुसरीकडे तिला झोपच लागत नसे.

शेवटी तपासण्या झाल्या. रिपोर्ट दाखवायला बाबा सोबत आले. डॉक्टरबाईंनी ढब्बूला बसवून सगळं विचारलं. खातेस काय, झोपतेस किती, आणि हो, घरी धंदा कसला. बाबांनी फोमचं सांगितलं. काडीचं आणि गादीचंही सांगितलं, जरा ऐटीतच.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"जुन्या फोममध्ये आग लागू नये म्हणून रसायनं घातलेली असतात. ती आत टिकून राहत नाहीत, धुळीत उतरतात आणि धुळीतून आपल्या पोटात. हिचं थायरॉइड मंद आहे, यकृतावर चरबी आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की अशी काही रसायनं शरीराचं चरबी-साखरेचं गणित बिघडवू शकतात. माणसांच्या बाबतीत अजून ठाम सांगता येत नाही. हिचं वजन त्यानेच वाढलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कदाचित. आणि पोरगी सांगते तेवढंच खाते, यावर माझा विश्वास आहे."

विश्वास आहे! ढब्बूला खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारावीशी वाटली. घरी जाऊन आईसमोर कसं उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून की हाताची घडी घालून, हेसुद्धा तिने ठरवून टाकलं.

"म्हणजे," बाबांचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा आला, "जो पेटत नाही, त्यातच ते औषध जास्त?"

"शक्यता तशीच आहे. ती गादी आधी काढा. दुकानातले कपडे बदलून, हात धुऊन घरात या. फरशी ओल्या फडक्याने पुसा. थायरॉइडचं औषध मी लिहून देते."

बाहेरच्या बाकावर बाबा मटकन बसले. दोन्ही तळहात मांडीवर उघडे टाकून त्यांच्याकडे बघत राहिले.

"निवडून निवडून भरलं गं मी. लोकांना कसलंही चाललं असतं. तुला मात्र..." बाबांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. रडणं बाबांना येतच नव्हतं. नुसता खांदा हलत होता, आणि शेजारची बाई सरकून बसली.

ढब्बू त्यांच्याजवळ टेकली.

"बाबा, एक सांगू? रागवायचं नाही."

"काय?"

"मी खात होते. चोरून."

बाबांनी मान वर केली.

"शाळेत. मैत्रिणींच्या डब्यातलं. रोज."

"आणि आत डॉक्टरबाईंना सांगितलंस ते?"

"थाप मारली. गादी बदलू आपण, बसलीच आहे ती. पण वजनाचं गादीमुळे नाही, बाबा. माझ्यामुळेच."

बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. मग त्यांचा आवाज चढला. "लाज नाही वाटत? शिकल्यासवरल्या बाईंसमोर तोंड वर करून खोटं बोलतेस? इथे माझा जीव जायची वेळ आली होती! आईला सांगणार आहे मी हे, समजलं?"

"सांगा."

बाकावरचे सगळे बघत होते. बाबा अगदी मोकळे होऊन रागावत होते. मध्येच दम घ्यायला थांबले आणि पुन्हा आपल्या हातांकडे बघू लागले, तशी ढब्बू घाईघाईने म्हणाली, "आणि केकसुद्धा, बाबा. दोन-दोन."