माग चालू असताना

मंजुश्रीने यादीतल्या पाचव्या नावावर रेघ मारली.

वडगावच्या विणकर गल्लीत भिंती सामाईक. एका घरात पळी पडली की शेजारच्या घरात कळतं, कुणाच्या हातून पडली.

त्या नावापुढे लिहिलं होतं, सातवी नापास.

मागावरची माणसं आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ हलतात, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली बायको हसते.

मंजुश्रीच्या संस्थेने निधीसाठी करायच्या अर्जात एक रकाना होता, ‘पथकातील विविधता’. त्यात मावेना म्हणून मंजुश्रीने मागे कोरा कागद जोडला.

रेघ मारलेलं नाव गुणाबाईचं होतं. मागावरच्या उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपला की नव्या ताण्याचे हजारो धागे त्याला गाठी मारून जोडायचे, हे तिचं काम. त्यासाठी ती घरोघर जायची, दिवस दिवस बसायची. वर्षभरात गल्लीतल्या तिघांनी जीव दिला, तेव्हा संस्थेने मानसिक आरोग्यासाठी पथक उभं करायचं ठरवलं आणि ते काम मंजुश्रीकडे दिलं. खानापूरकडच्या शेतकऱ्याची ही पोर पहिल्यांदाच कशाची तरी प्रमुख झाली होती. तिच्याशिवाय पथकात मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौम्या होती, धारवाडची, घरी कन्नड बोलणारी. एक वकील, एक फिजिओथेरपिस्ट. राहिली होती पाचवी जागा, ‘स्थानिक कार्यकर्ता’. किमान पात्रता पदवी.

मुलाखतीत मंजुश्रीने विचारलं होतं, दुःखात असलेल्या माणसाशी तुम्ही कसं बोलाल?

“मी कुठं बोलतो? मी गाठी मारत बसतो,” गुणाबाई म्हणाली होती. “ती बोलत्यात. शेजारला माग चालू असतोय न्हवं, भिंतीला काय ऐकू जात न्हाय.”

सगळे हसले होते. मंजुश्रीने कागदावर लिहिलं, ‘ऐकून घेण्याची सवय चांगली’. आणि जागा किशनला दिली. किशन उचगावचा, समाजकार्यात एम.ए., तीन भाषा लिहिता येणारा. मुलाखतीहून जाता जाता गुणाबाई मात्र एक नाव सांगून गेली होती. शामू. त्याचा थोरला भाऊ त्या तिघांतला एक. “पोरगं जेवंना झालंय. लौकर जावा,” एवढंच.

म्हणून बुधवारी दुपारी पथक पहिल्यांदा शामूच्याच घरी गेलं. एका खोलीत माग, चूल, शामू, त्याची बायको मनिषा आणि हे पाचजण. मागाच्या खडखडाटात डॉक्टरीणबाईंना स्वतःचाच आवाज येईना. त्यांनी हाताने खूण केली, बंद करा.

शामूने मंजुश्रीकडे पाहिलं. तिनेही मान हलवली.

माग थांबला.

पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. मग कुणाचं तरी खाकरणं. मग तेही थांबलं. सौम्याने फार हळुवारपणे, शुद्ध मराठीत विचारलं, “जगण्यात काही अर्थ उरला नाही, असं कधी वाटतं का?”

मनिषाने पदर तोंडाला लावला. शामू पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचा दोऱ्याचा तुकडा सरकवत राहिला.

या गल्लीत भर दुपारी चालता माग थांबला की लोक वाट बघतात. धागा तुटला असेल तर लगेच सुरू होतो. झाला नाही, तर घरात कुणीतरी गेलं असं धरतात आणि येतात. समोरचा माग थांबला, मग त्याच्या पुढचा. दारात चपला वाजल्या. शेजारचा महादेव चौकटीला हात लावून उभा राहिला, आतली माणसं एकेक करून त्याने न्याहाळली.

“आयला, मला वाटलं गेला का काय. डोस्कं तपासाय आल्यात व्हय रं शाम्या?”

मागे कुणीतरी हसलं. शामूही हसला.

“न्हाय रं. झोप येत न्हाय, एवढंच,” तो म्हणाला आणि माग सुरू केला.

गाडीत किशनने फॉर्म भरला. ‘सहकार्य केले. मनःस्थिती हसतमुख.’ मंजुश्रीने खाली सही केली.

दहाव्या दिवशी शामूने जीव दिला.

मंजुश्री गुणाबाईला शोधत गेली, तेव्हा ती दुसऱ्याच एका घरात बंद मागापाशी गाठी मारत होती. शेजारचा माग चालू होता. संस्थेने पात्रतेची अट काढलीय, असं मंजुश्री ओरडून सांगत राहिली. सोमवारपासून यायचं, ओळखपत्र तयार आहे, पथकात बसायचं.

गुणाबाईचे ओठ हलले. मंजुश्रीला काही वाचता आलं नाही. ती वाकली, कान जवळ नेला.

“तुमी आलतासा त्या दिसापास्नं त्यो माझ्यासंगटबी बोलला न्हाय,” गुणाबाई म्हणाली. बोटं चालूच होती. “सरा जरा. उजेड अडतोय.”

मंजुश्री बाजूला सरकली.

मुलाखतीच्या दिवशी गुणाबाईला सायकलवरून संस्थेच्या दारापर्यंत शामूनेच आणून सोडलं होतं.