एकोणीस गुणांनी

“एकोणीस गुण म्हणजे काहीच नाही, इमा. पुन्हा बस परीक्षेला,” ओदेल आईला नेहमीसारखी हिब्रूत म्हणाली.

पनीनाने निकालाचा कागद घडी करून ठेवला. नर्सिंगच्या प्रवेशाला साडेपाचशे हवे होते, तिला पाचशे एकतीस पडले होते. वय त्रेचाळीस. बारा वर्षांची असताना ती ठाण्याहून इस्राएलला आली, सतराव्या वर्षी शाळा सुटली आणि गेली बावीस वर्षं ती नेतिवोतच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस होती. लष्करातली सक्तीची सेवा संपवून आलेल्या लेकीने स्वतःबरोबर तिलाही अभ्यासाला बसवलं होतं. लेकीला सहाशे नव्वद मिळाले. पुन्हा बसायचं तर अर्ज आजच पोस्टात पडायला हवा होता.

“नको गं बाई,” पनीनाची आई रुथ भाजी निवडता निवडता म्हणाली. “एकदा हात पोळले तेवढं पुरे. घर हाय, काम हाय, इज्जत हाय. आता कुणाला काय दाखवायचंय?”

“साव्ता, तिला घाबरवू नकोस!” ओदेल आजीवर उखडली.

“घाबरवत नाय. माझी पोर हाय ती. निकालाच्या दिवशी जेवली नाय, ते मी पाहिलं.”

पनीनाला दोघींचंही पटत होतं. ती तशीच कामावर निघाली.

वृद्धाश्रमात अव्नेर आजोबांना सलाईन लावायचं होतं. नवा नर्स यिगाल ओदेलच्याच वयाचा. दोनदा टोचूनही त्याला शीर सापडेना. पनीनाने आजोबांचा हात कोमट फडक्याने शेकला, बोटाने चाचपला आणि हळूच म्हणाली, “इथे. सुई जरा तिरकी धर.”

या वेळी सुई बसली.

“मग आधीच हिला का नाही टोचू दिलंस?” आजोबा करवादले.

“तिला परवानगी नाही,” यिगाल म्हणाला.

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. जे होतं तेच त्याने सांगितलं होतं. पनीना हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली. असे किती जण तिच्याकडे शीर शोधायला शिकले होते, आणि पुढे यरुशलेमच्या मोठ्या इस्पितळांत गेले होते! तिने हात पुसले आणि घरी फोन लावला. फोन रुथने घेतला.

“आई, ओदेलला सांग, फॉर्म पोस्टात टाकून ये म्हणावं.”

“ती बाहेर गेलीय.” रुथ म्हणाली, “आणि सही?”

“ती मी सकाळीच करून ठेवलीय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मग मीच जाते. गुडघे दुखतायत, पण पोस्ट काय लांब नाय. मात्र ह्या खेपेला जेवण टाकायचं नाय, सांगून ठेवते!”

परीक्षेच्या दिवशी दारातल्या पर्यवेक्षकाने पनीनाला अदबीने अडवलं. “बाई, आयांनी बाहेर थांबायचंय.”

“हो,” पनीना ओळखपत्र पुढे करत म्हणाली. “माझी मुलगी बाहेरच थांबलीय.”

आणि ती आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसली.