हळदीच्या रंगाचं चर्च

"बोल ना," मार्ता म्हणाली. "मेणबत्ती लावलीस आणि गप्प बसलीस. कोण आलंय ते तुझ्या बापाला कळणार कसं?"

प्राजक्ता गुडघे टेकून बसली होती. बाहेरून हे चर्च नवरीला हळद माखावी तसं पिवळंधमक, भिंतीवर लाल-निळे देवदूत. आत मात्र फरशीवर झेंडूच्या पाकळ्या, धुपाचा धूर, आणि जो तो आपापल्या मेलेल्यांशी मोठ्यानं बोलत असलेला. अकोल्याच्या बियाणे कंपनीनं प्राजक्ताला झेंडूचं बियाणं तयार करायला शिकण्यासाठी ग्वाटेमालाला धाडलं होतं. मार्ता तिथल्या बियाण्याच्या शेडमधली सोबतीण, तिथल्याच माया लोकांपैकी. उगवतीची लाल, मावळतीची काळी, असे मेणबत्त्यांचे रंग तिनं समजावून दिले होते. मग आपल्या मेलेल्या आईला मक्याचा भाव सांगितला, नातवाचा दात पडल्याचं सांगितलं, आणि स्वप्नात येत नाहीस म्हणून झापलंही.

"आमच्याकडे मुली नाही बोलत," प्राजक्ता म्हणाली. "पाणी देणं, नाव घेणं, सगळं काका करतात."

"बाप काकाचा होता?"

दिवाळीनंतर प्राजक्ताचे बाबा, पंजाबराव, गेले, तेव्हा एकुलत्या एका लेकीला स्मशानाच्या फाटकाशीच थांबवलं होतं. अग्नी देवरावकाकांनी दिला. येत्या अक्षय तृतीयेला, पितरांना पाणी द्यायच्या दिवशी, बाबांच्या नावाची पहिली घागरही तेच भरणार होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी प्राजू. लय दूर आली. पन इथंई झेंडूच हाये."

मग तिला थांबता येईना.

अक्षय तृतीयेला चांदूर बाजारच्या घरात काका पाटावर बसले, तशी ती समोर उभी राहिली.

"काका, सरका जरासे. घागर मी भरीन."

"तुले काय समजते त्यातलं? पोरीचं पानी पोचत नाई."

"नाई पोचलं तं पुढच्या साली तुमी भरा."

चुलीपासून मैनाबाईंचा, तिच्या आईचा, आवाज आला. "पाट सोडा, भाऊजी. मळ्यात त्यायले पानी हेच पोरगी नेत होती. तवा बरं पोचे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. काका उठले.

प्राजक्तानं घागर काठोकाठ भरली आणि चर्चमध्ये बोलली तशी मोठ्यानं बोलू लागली. "बाबा, मी प्राजू. मळा ठेक्यानं नाई देला. मी अन् आई करून राहिलो. काकाचा बीपी वाढला, पन पापड सोडत नाईत."

"हे बी सांगतं का त्याले?" काका म्हणाले.

"तुमीच सांगा मंग. समोरच हायेत."



एवढ्यात दाराआडून जयवंताआत्या पुढं आली. काकांची थोरली बहीण. माहेरच्या घागरीला तिनं जन्मात कधी हात लावला नव्हता. तिनं पदर खोचला, कोनाड्यातला तांब्या घेतला आणि दुसरी घागर पुढ्यात ओढली.

"देवा, सरक तिकडं," ती भावाला म्हणाली. "माह्या बापाशी मले बी बोलाचं हाये."

ती पाटावर बसली. पाणी ओतता ओतता बापाला हाक मारली, आणि तिचा म्हातारा आवाज एकदम शाळकरी पोरीसारखा झाला.

काका बाजूला उभे होते. घागरीवर ठेवायचा आंबा टोपलीतून उचलून त्यांनी तो धोतराला पुसला, आणि आत्याची घागर भरेपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला.