शेळीच्या पोटातली वस्ती

आमची इमामबी नातवाला सांभाळायला पुण्याला आमच्या पोराकडं, सोहेबकडं गेली, त्याला आता वरीस झालं. परत यायचं नाव न्हाय! तवर आमी दोगं एकाच ताटात जेवायचो. आता मंगळवेढ्यात मी आन् दोन शेळ्या.

मागल्या आठवड्यात त्यातल्या इमामबीच्या लाडक्या चांदणीनं दावं तोडलं आन् नव्या ज्वारीच्या राशीवर ताव मारला. डॉक्टरच्या औषधानं पोटफुगी उतरली, पण शेळी चाऱ्याला तोंड लावीना, रवंथ करीना.

"लालसाबभाई, चारा पचवणारे जंतू असतात पोटात," डॉक्टर म्हणाला. "एवढ्या ज्वारीनं पोट आंबलं आणि ते मेले. दुसऱ्या शेळीच्या तोंडातला रवंथ काढून हिला भरवा. वस्ती परत बसेल."

मी इमामबीला फोन लावला. ती हसली. "त्यात काय नवीन? मी कितीदा केलंय! तुमीच वरडायचा, घाण करू नगंस म्हणून."

व्हय, वरडायचो की! आता मीच दुसरीच्या जबड्यात बोटं घातली आन् तो हिरवा, ऊन ऊन घास चांदणीच्या तोंडात सारला. असं दोन-चारदा केलं. मग एका सांजंला ती डोळं मिटून निवांत रवंथ करायला लागली.

ताट पुढ्यात घेऊनच मी इमामबीला कळवलं. ती लई खूश झाली. मग हळूच म्हणली, "आन् तुमी जेवलाव का?"

"व्हय की," मी म्हणलं.

ताटात भाकरी तशीच हुती. पलीकडची बाजू मी सवयीनं मोकळी ठेवली हुती.