चौदा नंबरची तपकिरी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी कचरापेटी आहे. रंग तपकिरी, खाली दोन चाकं आणि झाकणावर पांढऱ्या रंगात हाताने काढलेला चौदाचा आकडा. माझ्या पोटात काय टाकायचं, असं कुणी पूर्वी विचारलं असतं तर मी एका दमात उत्तर दिलं असतं. आता मात्र तो प्रश्न निघाला की माझा पुरता गोंधळ उडतो.

कारखान्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतून मला घडवलं. आम्हा शेकडो बहिणींना वाटायचं, तपकिरी म्हणजे जगात सगळीकडे एकच काहीतरी असणार. मला बार्ली स्ट्रीटवरच्या चौदा नंबरच्या घरी, एडना प्रॉक्टरच्या दारात आणून सोडलं. माझ्या मुठीला पालिकेचा कागद बांधला होता. त्यावर लिहिलं होतं: गवत, पानं, फांद्या. झालं, माझं आयुष्य ठरलं. एडनाच्या गुलाबांच्या छाटलेल्या काड्या मी एकोणीस वर्षं पोटात घेतल्या.

दर मंगळवारी आठच्या आत ती मला खडखडत फुटपाथवर न्यायची. गाडी मला रिकामं करून कोपऱ्यावर वळायच्या आत पुन्हा घरात घ्यायची. रिकामी पेटी बाहेर राहिली तर लोक काय म्हणतील, हा तिचा धाक. शेजारच्या सोळा नंबरात विल्फ अ‍ॅशवर्थ एकटाच राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो एकदा कुंपणावरून म्हणाला, "तुझी पेटी आत गेली की मी चहा टाकतो, एडना. म्हटलं, बाई ठीक आहे." एडना हसली आणि दुसऱ्या दिवशी तिने मला साबणाने धुतलं. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे जिना चढायला एडनाचे गुडघे साथ देईनात. समोरच्याच बाजूचं बिनजिन्याचं छोटं घर तिने घेतलं. खरं तर पेटी जुन्या घरीच ठेवायची असते, पण ती मला स्वतः ओढत रस्त्यापलीकडे घेऊन गेली. मध्ये पांढरी रेघ होती. ती ओलांडताना माझं चाक जरासुद्धा अडखळलं नाही. मला काय ठाऊक, की त्या रेघेवर एक पालिका संपते आणि दुसरी सुरू होते!

मंगळवारी एडनाने मला सवयीने बाहेर ठेवलं. कुणी फिरकलंच नाही. गुरुवारी गाडी आली. क्रेग नावाच्या कामगाराने झाकण उघडलं, मान हलवली आणि माझ्या पोटावर लाल चिठ्ठी चिकटवली.

"आजी, इकडे तपकिरीत डबे-बाटल्या टाकतात. पालापाचोळा पांढऱ्या पिशवीत भरायचा."

"अरे, पंधरा पावलांवर मी एकोणीस वर्षं पालाच टाकत होते."

"पंधरा पावलांवर दुसरी पालिका आहे, आजी."

एडनाने बाटल्या धुऊन, झाकणं काढून माझ्यात भरल्या आणि पुढच्या गुरुवारी मला बाहेर ठेवलं. पण इकडची गाडी एक आठवडा सोडून यायची. मी सोमवारपर्यंत तशीच ताटकळले. विल्फला दया आली. त्याने मला आपल्या बाजूला नेऊन मंगळवारच्या गाडीपुढे उभं केलं. तिकडच्या माणसाने बाटल्या पाहिल्या आणि दुसरी लाल चिठ्ठी लावली. मग जुन्या पालिकेचं पत्र आलं, की चौदा नंबरची पेटी बेपत्ता आहे. नवी पालिका म्हणाली, ही पेटी आमची नाहीच. मी गवताची की बाटल्यांची, इकडची की तिकडची, काही म्हणता काही कळेना.

गल्लीला मात्र करमणूक झाली. एडनाची पेटी पुन्हा बाहेर, म्हणून येणारेजाणारे हसायचे. मला वाईट वाटायचं ते निराळ्याच गोष्टीचं. मी भलत्याच दिवशी बाहेर दिसायची, भलत्याच वेळी आत जायची. त्यामुळे विल्फने माझ्यावरून चहाची वेळ ठरवणं सोडून दिलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सगळं जुळून आलं. वार बरोबर, आठवडा बरोबर, बाटल्याही लख्ख धुतलेल्या. क्रेगने मला रिकामं केलं आणि एडनाच्या खिडकीकडे बघून अंगठा वर केला. खिडकीत कुणीच नव्हतं. गाडी वळली आणि मी वाट बघत राहिले. दहा वाजले, बारा वाजले. जाणारी एक बाई म्हणाली, आता आत न्यायचं विसरली वाटतं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण पेटीला तोंड असतं ते फक्त कचऱ्यासाठी.

समोर विल्फ आपल्या खिडकीशी दोनदा येऊन गेला. त्यालाही वाटलं असणार, आणखी एक घोळ. दोनच्या सुमाराला तो मला आत ढकलून द्यायला आला. पुन्हा काय चुकलं ते बघायला त्याने झाकण उचललं.

"रिकामी आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "मग आत का नेली नाही?"

त्याने दार ठोठावलं आणि मग मागच्या दाराकडे धाव घेतली. एडना सकाळपासून स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. विल्फला बघून तिने आधी काय विचारलं असेल?

"आज तरी पेटी बरोबर होती ना रे?"

"बरोबर होती गं," विल्फ म्हणाला. "मीच चुकलो."

सहा आठवड्यांनी एडना घरी आली. नव्या पालिकेने तिला स्वतःची पेटी दिली. तीही तपकिरीच! मला न्यायला जुन्या पालिकेची माणसं आली, तेव्हा विल्फने दारात उभं राहून त्यांना वाटेला लावलं. आता माझ्यात कुणी काही टाकत नाही. रोज सकाळी आठला एडना माझ्या मुठीचा आधार घेत सावकाश फुटपाथपर्यंत येते, मला उभं करते आणि समोर विल्फच्या खिडकीकडे हात हलवते. क्रेग मला वळसा घालून जातो.

मित्रांनो, मी कुठल्या पालिकेची हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्या गल्लीतही कुणाची पेटी भलत्याच दिवशी बाहेर दिसेल. हसू आलं तर हसा, पण त्या घराचं दार एकदा वाजवून बघा. इकडे एखाद्या सकाळी आठला मी दिसले नाही, तर विल्फ चहा अर्धा सोडून घरातल्या सपातांवरच रस्ता ओलांडेल. मधली पांढरी रेघ त्याला दिसणारही नाही.