दूधपेढीतल्या जुन्या पंपाची कबुली

मी एक जुना पंप आहे. सायकलचा नाही आणि विहिरीवरचाही नाही. मित्रांनो, मी आईचं दूध काढणारा पंप आहे. हसू नका, तुमच्यापैकीही कुणी अशाच दुधावर वाढलं असेल. बाळंतपणाच्या दवाखान्यात तळमजल्यावर एक दूधपेढी आहे. ज्या आयांना दूध जास्त येतं, त्या इथे बसून बाटल्या भरून देतात आणि वेळेआधी जन्मलेली मुठीएवढी बाळं ते पितात. मी आपला मधला हमाल.

कारखान्यात माझी मोटर बसवली, दहादा चालवून पाहिली आणि खोक्यात घालून मला इथे पाठवलं. सुरुवातीला माझा तोरा काय विचारता! पेढी सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर नव्या बायकांना सांगायच्या, की हा आमचा गुणी पंप आहे, मुळीच दुखवत नाही. मी फुगून जायचो. खरं तर माझा धंदाच ओढून घेण्याचा. आपण कुणाच्या तोंडचं काढून घेतोय का, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. तो शिवला एका ताईमुळे.

ती चपलांच्या दुकानात नोकरीला होती, तेव्हा रजेवर होती. रोज दुपारी येऊन खिडकीजवळच्या तीन नंबरच्या खुर्चीत बसायची. मोठ्या सिस्टर सगळ्यांना विचारायच्या तसं तिलाही विचारायच्या, "बाळ कसं आहे?"

"मजेत," ती म्हणायची.

ते खोटं होतं. बाळ तिच्या घरी नव्हतंच. तिच्या पाठीशी कुणी नव्हतं, खोली भाड्याची, पगार एकटीला जेमतेम पुरणारा. तिनं खूप विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बाळाला दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंकडे सोपवलं, कागदावर सही केली. पण दुधाला सही कुठली कळायला? चौथ्या दिवशी ते आलंच. पहिल्या दुपारी तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मला वाटलं, मीच फार जोरात ओढतोय. मला थांबता आलं नाही. बटण माझ्या हाती नव्हतं, ही माझी सबब.

एक खोटं झाकायला दहा खोटी बोलावी लागतात. बाळ हसलं, बाळाला सर्दी झाली, बाळ रात्रभर झोपलं. मूल वाढताना तिनं कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्यामुळे दीड महिना झाल्यावर ती सहज सांगून बसली, की काल बाळ पालथं पडलं. शेजारच्या खुर्चीत चार मुलांची आई होती. ती म्हणाली, "दीड महिन्यात? मग पुढच्या महिन्यात नोकरीला लागेल बघ!"

सगळ्या खो खो हसल्या. ताईही हसली. आणि त्या दिवशी तिला थेंबभरही दूध आलं नाही. मी कोरडाच ओढत राहिलो.

बाकीच्या बायका गेल्यावर मोठ्या सिस्टरनी माझं बटण बंद केलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

"सिस्टर, बाळ माझ्याकडे नाही. मी त्याला दत्तक दिलं," ताई म्हणाली. "आणि एकदाही पाजलं नाही. पाजलं असतं तर सोडवलं नसतं. त्याच्या वाटचं दूध मी रोज दुसऱ्यांना देतेय."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ज्यांचं बाळ घरी असतं, त्या बायका सारख्या घड्याळाकडे बघतात. तू कधीच बघितलं नाहीस."

"मग रोज का विचारायचात?"

मोठ्या सिस्टर खाली बघू लागल्या. "तोंडाला सवय लागलीय. चुकलंच माझं." मग त्या म्हणाल्या, "त्या संस्थेतल्या बाळांना दूध इथूनच जातं. तुझं बाळ उपाशी नव्हतं गं. कुणीतरी पाजलंय त्याला. कुणी, ते मलाही सांगता येणार नाही. इथे चार जणींचं दूध एकत्र करूनच तापवतात."

ताईनं माझ्या नळीकडे बघितलं.

"त्या बायकांचे उपकार कसे फेडू?"

"उद्या वेळेवर ये," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

ती आली. पुढे पाच महिने येत राहिली. दूध आटल्यावर ती दुकानात परत रुजू झाली, पण सुट्टीच्या दिवशी बाटल्या उकळायला इथे येते. नवी बाई बुजून बसली असेल, तर ताई तिच्याजवळ जाते आणि बाळाचं काही न विचारता एवढंच म्हणते, "तुम्ही जेवलात का?" कितीतरी जणी तेवढ्यावरच रडून मोकळ्या होतात.

माझं रबर आता कडक झालंय. नवे, आवाज न करणारे पंप आले आणि मी कापसाच्या गठ्ठ्यांमागे कपाटात पडलो. माझ्यावरची धूळ ताईच पुसते. एकदा पुसताना ती म्हणाली, की दुकानात आपल्या बाळाच्या वयाचं पोर आलं की ती त्याच्या पायात बूट घालायला जरा जास्तच वेळ लावते. अपराधाची बोच गेलेली नाही. ती घेऊनच ती बाटल्या उकळते.

वर्षातून एका दिवशी मात्र ती घड्याळाकडे बघते. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली, की हातातली बाटली खाली ठेवते. तेव्हा तिचं बाळ जन्मलं होतं. मिनिटभरानं ती पुढची बाटली घेते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी दत्तक गेलेल्या घरी वाढत असेल, तर त्या मिनिटाची आठवण ठेवा. आणि बाकीच्यांनो, कुणी 'मजेत' म्हणालं, तर एकदा त्या माणसाच्या चेहऱ्याकडेही बघा. दीड महिना मी तिच्या इतक्या जवळ होतो आणि नुसता ओढत राहिलो.