गुलाबी मुळाला लागेना

नणंद घरात असते, वरिष्ठ कामावर असते. धाकटीच्या नशिबी दोघी एकाच चष्म्यामागे बसल्या होत्या. नवऱ्याची मोठी बहीण घरी ताई, प्रयोगशाळेत मॅडम, आणि धाकटीने बोलणी दोन्हीकडे सारखीच खायची. त्याची तिला सवय झाली होती. पण त्या सकाळी हरितगृहात भाताच्या कुंड्यांपुढे ती उभी राहिली आणि तिथून हलेचना.

कुंड्यांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेला गुलाबी दिलेली, दुसरीला नुसतं पाणी. आणि दोन्हींतली रोपं अगदी सारखी. हाताने चाचपून बघा, वाकून बघा, तसूभरही फरक नाही.

गुलाबी म्हणजे एक जिवाणू. ताईंना तरुणपणी भाताच्या मुळावर सापडलेला, ताटलीत वाढवला की गुलाबी ठिपके धरणारा. गुलाबी मुळाशी ठाण मांडायची, मूळ लांब करायची, आणि मुख्य म्हणजे शेजारपाजार बदलायची. कुजवणारे जिवाणू मागे हटायचे, कामाचे गोळा व्हायचे. "एक शहाणी सून आली की अख्ख्या घराला वळण लागतं, तसं आहे हे," असं ताई पाहुण्यांना सांगायच्या, आणि सांगताना धाकटीकडे चुकूनसुद्धा बघायच्या नाहीत.

आता पेरणी तोंडावर आली होती. शुक्रवारी गुलाबीची पाकिटं पहिल्यांदाच शेतकऱ्यांकडे निघणार होती, आणि महिनाअखेरीस ताई निवृत्त होणार होत्या. "एवढी मार्गी लागली की मी सुटले," त्या येताजाता म्हणत. व्हरांड्यात खोकी रचलेली, माणसाला आडवं होऊन जावं लागे. आणि इथे ही रोपं.

कोणाला काही न बोलता धाकटीने दोन्ही रांगांतली रोपं उपटली, मुळं धुतली, कुटली, ते पाणी ताटल्यांवर पसरलं, एका ताटलीवर पाकिटातली भुकटी लावली आणि ताटल्या उबपेटीत ठेवल्या. आता ठिपके उठेपर्यंत थांबायचं. पण थांबायचं कसं? दिवसातून दहादा ती उबपेटी उघडायची आणि स्वतःलाच शिव्या घालून बंद करायची. घरी चहात साखर घातली, विसरली, पुन्हा घातली.

नवऱ्याने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "ताईशी वाजलं का?"

"नाही."

"मग काहीतरी मोठंच आहे," तो म्हणाला.

शुक्रवारी ताटल्या काढल्या. पांढरे ठिपके, पिवळे ठिपके, नुसत्या पाण्याच्या रांगेत होते तेच सगळे. गुलाबी शोधून सापडेना. म्हणजे ती मुळाला लागलीच नव्हती, शेजारपाजार होता तसाच राहिला होता. पाकिटातली भुकटी लावलेली ताटली मात्र गुलाबी ठिपक्यांनी गच्च भरलेली. पाकिटात ती जिवंत होती, धष्टपुष्ट होती. फक्त मूळ विसरली होती.

धाकटी स्टुलावर बसली आणि मग तिला ते उमगलं. शीतपेटी बंद पडून मूळचा साठा गेला, तेव्हापासून गुलाबी एका ताटलीवरून दुसऱ्या ताटलीवर जगवली होती. ते काम धाकटीचं. दर खेपेला ती सगळ्यांत टपोरा ठिपका उचलायची, कौतुकाने, पोर निवडावं तसा. पण मुळाशी पोचायची धडपड ज्यांनी सोडली, तेच ताटलीतल्या आयत्या खाण्यावर आधी फुगणार ना! वर्षानुवर्षं तिने ऐतखाऊच निवडले होते, आणि तेही स्वतःच्या हाताने.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. खोकी चढायला लागली.

मूग गिळून बसली असती तर? शेतात हजार कारणं असतात. ऊन, पाणी, बियाणं, कशावरही खापर फुटलं असतं. ताई ताठ मानेने घरी गेल्या असत्या. धाकटीने हे सगळं मनात घोळवलं. दारापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. मग ताटल्या उचलून तरातरा ताईंच्या खोलीत शिरली.

"मॅडम, पाकिटं थांबवा. गुलाबी मुळाला लागत नाही."

ताईंनी मान वर केली नाही. "पाणी जास्त झालं असेल तुझं."

"नाही झालं."

"मग कुंड्यांची अदलाबदल केली असशील."

"नाही केली. तुम्ही बघा तरी."

ताईंनी ताटल्या खिडकीशी नेल्या. एक बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली बघितली.

"माझ्या हातून झालं," धाकटी म्हणाली. "दर वेळी मी टपोराच ठिपका उचलत आले."

"टपोरा उचलायचा, असं कोणी सांगितलं तुला?"

"तुम्ही."

ताई उठल्या. त्या बाहेर गेल्या आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "उतरवा सगळं."

"अहो बाई, आत्ताच तर चढवलंय."

"जसं चढवलं तसंच उतरवा."

परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. बाहेर खोकी आपटल्याचे आवाज येत होते. त्यांनी विचारलं, "आता?"

"आता पुन्हा शेतातून मुळं आणायची. किरकोळ, रोडके ठिपकेसुद्धा सोडायचे नाहीत. एकेक भाताला लावून बघायचा. एक-दोन हंगाम जातील."

"आणि मी तर महिनाअखेरीस चालले."

"हो."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, पुन्हा काढला. आयुष्यात कधी कुणाला विचारून पाऊल न टाकलेली ही बाई, आणि आज चष्म्याशीच चाळा करत बसली.

"एवढी मुळं धुवायला तुला कोणीतरी लागेल," त्या खाली बघत म्हणाल्या. "मी येत जाऊ का?"

धाकटीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"या की," ती म्हणाली. "पण काम मी सांगेन तसं करावं लागेल, ताई."

"करेन गं," ताई म्हणाल्या, इतक्या हळू, की धाकटीने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तिला रडू आवरेना.